सूर्याचे बारा कधी वाजतात?

आमच्या पुण्याच्या वाड्यात, अंगणातल्या फरशीवर, आजोबांनी गेरूने एक दक्षिणोत्तर रेघ काढली होती. तिच्या दक्षिण टोकाला एक सरळ उभी काठी. काठीची सावली रेघेवर आली की आजोबा म्हणत, "मध्यान्ह झाली!" आणि घड्याळात पाहून वहीत वेळ टिपून ठेवीत.

मी तेव्हा आठवीत होतो. नोव्हेंबरच्या आरंभी, दिवाळीच्या सुटीत, ही वेळ होती १२ वाजून १८ मिनिटे. संक्रांतीला पाहतो तो १२ वाजून ४४! घड्याळ रेडिओवर लावलेले. तेव्हा चूक रेघेचीच. दुसऱ्या दिवशी मी ती पुसली आणि १२ वाजून १८ मिनिटांनी सावली होती तिथे नवी ओढली.

आजोबा रागावले नाहीत. पुढच्या सकाळी त्यांनी काठीभोवती वर्तुळ काढले. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला टेकले तिथे एक खूण, दुपारी पुन्हा टेकले तिथे दुसरी. दोन खुणांचा मध्य साधून तो काठीशी जोडला, आणि रेघ जुन्या जागी आली! सूर्यसिद्धान्तातली ही रीत. तिला घड्याळ लागतच नाही.

मग चूक कुणाची? कुणाचीच नाही. आपली घड्याळे ८२.५ रेखांशावर चालतात. पुणे त्याच्या सुमारे ८.६ अंश पश्चिमेला. अंशाला ४ मिनिटे, म्हणजे साडेचौतीस मिनिटांचा उशीर इथेच झाला. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला. म्हणून एका मध्यान्हीपासून दुसरी नेमकी चोवीस तासांनी येत नाही. काही सेकंद अलीकडे, नाही तर पलीकडे. ते सेकंद साठत जातात. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य सोळा मिनिटे पुढे असतो, संक्रांतीला नऊ मिनिटे मागे. सूर्य वक्तशीर नाही. पण त्याचा हा हिशेब दरवर्षी तोच. तो मांडला, की काठीवरूनही घड्याळ लावता येते.

आता तो वाडा नाही. वही मात्र माझ्यापाशी आहे. त्या संक्रांतीनंतरच्या पानावर एवढेच आहे : 'रेघ पुसली गेली. पुन्हा काढली.' कुणी पुसली, ते लिहिलेले नाही.

यंदा माझी मुलगी गच्चीवर काठी उभी करणार आहे. वाचकहो, फराळ आटोपल्यावर तुम्हीही करून पाहा. घड्याळ हाताशी असू द्या. रेघ मात्र त्याला विचारून काढू नका!