एका झाडाचे बासष्ट कोटी

पाऊस उघडला की धुळ्यात पांझरेच्या काठापासून रावेर-यावलच्या केळीबागांच्या बांधांपर्यंत गाजर गवत पांढरं होतं. पुण्यात 1955च्या सुमारास दिसलेल्या या गवताची आता कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. मोजणाऱ्यांनी मोजलंय, एक झाड सरासरी 62 कोटी परागकण तयार करतं. 2011च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या होती जवळपास 63 लाख. म्हणजे एकाच झाडाची वाटणी केली तर माणशी शंभरेक कण, पाळण्यातल्या बाळासकट. आणि बांधावर हे गवत एकटं कधी उगवतं?

बहुतेकांच्या नाकात हे कण शेंबडात अडकतात, विषय मिटतो. काहींचा मिटत नाही, कारण आयजीई नावाचं प्रतिपिंड. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने 1966च्या सुमारास अमेरिकेत ते शोधलं, तेही गाजर गवताच्याच कुळातल्या रॅगवीडची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तातून. शोधायला अवघडच होतं. निरोगी रक्तात ते आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या दहा हजारांत एक भागही नसतं.

पण त्याचा मुक्काम रक्तात नसतोच. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या. एकेकीवर आयजीई धरून ठेवणाऱ्या लाखभर जागा. परागातलं प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं, की पेशी आतल्या हिस्टामिनच्या पुड्या बाहेर रिकाम्या करते. एका पेशीतलं हिस्टामिन तीन पिकोग्रॅम धरू, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटी भागांतले तीन. क्षुल्लकच की! रेणू मोजा, भरतात 1,600 कोटी. मघाचीच वाटणी केली तर माणशी अडीच हजार, तेही एका पेशीचे. खाज, शिंका, नाकातून पाणी, सगळं काही मिनिटांत.

खरा धिंगाणा मला पुढचा वाटतो. चार ते आठ तासांनी, प्रतिकारशक्तीच्या टी पेशींनी सोडलेल्या इंटरल्युकिन-5सारख्या रसायनांच्या जोरावर इओसिनोफिल पेशी रक्तातून नाकात उतरतात. एरवी शंभर पांढऱ्या पेशींत त्या जेमतेम एक ते चार. इथे मात्र त्यांची जत्रा भरते आणि नाक सुजून बंद होतं. म्हणून सकाळी बांध साफ केलेला माणूस रात्री तोंडाने श्वास घेत पडतो आणि खापर पंख्यावर फोडतो. असं सुजलेलं नाक दुसऱ्या दिवशी थोड्या परागांनाही भडकतं. शिंकांची गोळी हिस्टामिनला अडवते, पण मागून आलेल्या या गर्दीपुढे तिचं फारसं चालत नाही. तिथे डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतात. त्याचा पुरता गुण यायला बरेच दिवस लागतात, आणि पहिल्या दोन रात्रींत फरक नाही म्हणून बाटली फळीवर ठेवून देणारे घरोघरी सापडतील.