जुनी टेलिफोटो भिंगे : निकट व मृदू छायाचित्रणाचे अल्पखर्ची साधन

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल या विषयांच्या क्षेत्रभेटींत छायाचित्र हे नोंदीचे महत्त्वाचे साधन ठरले आहे. तथापि लहान फूल किंवा कीटक टिपण्यासाठी लागणारे मॅक्रो भिंग ग्रामीण भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर असते. याउलट, फिल्मच्या काळातील १३५ मिमी व त्याहून अधिक नाभीय अंतराची टेलिफोटो भिंगे जुन्या बाजारात अल्प किमतीत मिळू शकतात. स्वयंचलित फोकसची सोय नसल्याने त्यांना मागणी कमी असते. या भिंगांचे दोन दोष सांगितले जातात. एक, ती जवळच्या वस्तूवर फोकस होत नाहीत. दोन, छिद्र पूर्ण उघडल्यास प्रतिमा काहीशी धूसर येते. पहिला दोष एका पोकळ नळीने दूर करता येतो आणि दुसरा नियंत्रणाखाली ठेवून उपयोगात आणता येतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भिंगाची जोडणी

१९४९ च्या सुमारास जर्मनीतील ड्रेस्डेन येथील कॅमेऱ्यांपासून ४२ मिमी व्यासाच्या आट्यांची ‘एम-४२’ जोडणी रूढ झाली. जपानचे टाकुमार, पूर्व जर्मनीचे पेंटाकॉन व सोव्हिएत रशियाचे ज्युपिटर या नावांची १३५ मिमी भिंगे या जोडणीत मिळतात. भिंगाची बैठक व फिल्म यांतील अंतर या जोडणीत ४५.४६ मिमी असते. सोनीच्या आरसाविरहित ‘ई’ जोडणीत ते केवळ १८ मिमी असल्याने उरलेली जागा अ‍ॅडॉप्टरने भरून काढता येते. निकॉनच्या ‘एफ’ जोडणीत मात्र ते ४६.५ मिमी आहे. त्यामुळे साध्या अ‍ॅडॉप्टरने दूरची दृश्ये स्पष्ट येत नाहीत. निकट छायाचित्रणात ही अडचण उरत नाही. उलट ते वाढीव अंतर उपयोगीच पडते.

निकट छायाचित्रण

भिंग सेन्सरपासून जितके पुढे सरकेल तितकी जवळची वस्तू स्पष्ट होते. एक्स्टेन्शन ट्यूब ही केवळ पोकळ नळी असून तिच्यात काच नसते. तिने होणारी विशालनातील वाढ म्हणजे नळीची लांबी भागिले नाभीय अंतर. उदाहरणार्थ, १.५ मीटरपर्यंत फोकस होणाऱ्या १३५ मिमी भिंगाचे कमाल विशालन सुमारे ०.११ असते. म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यात सुमारे ३२ सेंमी रुंदीचा भाग मावतो. ५० मिमी नळी जोडल्यास विशालनात ०.३७ ची भर पडून ते ०.४८ होते व साडेसात सेंमी रुंदीचा भाग चौकट भरून टाकतो.

विशालन इतके झाले तरी वस्तू भिंगापासून सुमारे ४० सेंमी दूर असते, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू होय. ५० मिमी भिंगाने तेवढेच विशालन साधायचे तर १५ सेंमीपर्यंत जवळ जावे लागते. त्यात कीटक उडून जातो आणि छायाचित्रकाराची सावलीही फुलावर पडते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारावर ‘सीतेची आसवे’सारखी इवली फुले जमिनीलगत दाटीने उमलतात. एका फुलाच्या छायाचित्रासाठी पुढे टाकलेले पाऊल इतर अनेक फुले चिरडते. त्यामुळे पायवाट न सोडता काम करू देणारे अंतर ही तेथे केवळ सोय नसून जबाबदारीचा भाग ठरते.

मात्र नळीमुळे प्रकाश घटतो. वरील उदाहरणात तो जवळपास २.२ पट कमी होतो. स्पष्टतेची खोलीही थोड्या मिलिमीटरांवर येते. म्हणून तिवई वापरणे व वारा नसलेली सकाळची वेळ निवडणे श्रेयस्कर.

मृदू छायाचित्रण

भिंगाच्या कडेकडून येणारे किरण व मध्यातून येणारे किरण एकाच प्रतलात एकवटत नाहीत. यास गोलीय विपथन म्हणतात. त्यामुळे मूळ स्पष्ट प्रतिमेवर प्रकाशाचे पातळ वलय पसरते. अस्पष्ट प्रतिमा व मृदू प्रतिमा यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा : फोकस चुकल्यास तपशील नाहीसा होतो, तर मृदू प्रतिमेत तपशील राहून त्याभोवती आभा येते. दूरच्या दृश्यासाठी रचलेले भिंग नळीवर चढवून जवळ वापरले की हे विपथन सामान्यतः वाढते. याचाच अर्थ, वर वर्णिलेले दोन्ही दोष परस्परांशी निगडित आहेत.

विपथनाने येणारा हा पसारा छिद्राच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. छिद्र एक टप्पा बंद केल्यास तो जवळपास एकतृतीयांश उरतो. म्हणून छिद्राचे कडे हेच मृदुतेचे नियंत्रक होय. छिद्र बदलल्यावर फोकस किंचित सरकतो. यास्तव ज्या छिद्रावर छायाचित्र घ्यावयाचे त्याच छिद्रावर फोकस तपासावा. कॅनन कंपनीने १९८७ साली १३५ मिमी एफ/२.८ सॉफ्टफोकस हे भिंग बाजारात आणले. त्यात एक कडे फिरवून गोलीय विपथन हेतुपुरस्सर वाढविण्याची सोय होती. जो दोष टाळण्यासाठी भिंगकारांनी इतके परिश्रम घेतले, तोच पुढे सुविधा म्हणून विकला गेला, ही बाब उद्बोधक आहे.

घ्यावयाची दक्षता

जुने भिंग विकत घेताना ते उजेडाकडे धरून आत बुरशीचे तंतू आहेत का, हे पाहावे. दमट हवेच्या कोकणात ही काळजी विशेष आवश्यक आहे. छिद्राची पाती तेलकट नसावीत व फोकसचे कडे अडखळता कामा नये. किरकोळ ओरखडे सहसा परिणाम करीत नाहीत.

समारोप

येथे एक मर्यादा आवर्जून नमूद केली पाहिजे. मृदू प्रतिमा मनोहर असली तरी जाती-ओळखीचा पुरावा म्हणून ती पुरेशी नाही. पाकळीवरील केस वा शिरा आभेत लपल्या तर नोंद सदोष होते. अभ्यासासाठी छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवून एक स्पष्ट छायाचित्र आधी घ्यावे, नंतर हवे तर मृदू. आपल्या साधनाचा दोष नेमका किती व कोठे आहे हे जाणून घेणे, हीच प्रयोगशाळेतील पहिली शिकवण असते. एक जुने भिंग व एक पोकळी नळी ती शिकवण विद्यार्थ्याच्या हाती अल्प खर्चात देऊ शकते.