विजेच्या मोटारीची शर्यत

शर्यतीची मोटार म्हटली की आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे संगणकावरील किंवा मोबाइलवरील खेळ उभा राहतो. त्या खेळात मोटार भिंतीवर आदळली तरी काही बिघडत नाही. एक कळ दाबली की ती पुन्हा नवी कोरी होते. पण खेळातील पुष्कळ मोटारी केवळ कल्पनेतल्या नसतात. त्या खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती असतात आणि त्या खऱ्या मोटारींना आपापला इतिहास असतो.

2015 साली निघालेल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट 6’ या खेळात ‘महिंद्रा रेसिंग’ या भारतीय संघाची मोटार आहे. ज्या उद्योगसमूहाचा हा संघ, त्याची मुख्य कचेरी मुंबईस आहे. निमगाव केतकीच्या शिवारात नांगरट करणारे महिंद्राचे ट्रॅक्टर आणि पुणे जिल्ह्यातील चाकण येथील मोटारींचा कारखाना हे याच समूहाचे. शर्यतीच्या मोटारीची कर्मशाळा मात्र इंग्लंडमधील बॅनबरी या गावी आहे.

ही मोटार ज्या स्पर्धेत धावते, तिचे नाव ‘फॉर्म्युला ई’. या स्पर्धेत पेट्रोलचा एक थेंबही जळत नाही. सर्व मोटारी विजेवर चालतात. स्पर्धेतील पहिली शर्यत 13 सप्टेंबर 2014 रोजी चीनमधील बीजिंग शहरात झाली. दहा संघांत भारताचा हा एकच संघ होता. त्या वर्षी सर्वांना एकसारख्याच मोटारी देण्यात आल्या होत्या. पहिल्याच शर्यतीत महिंद्राच्या मोटारीतून चेन्नईचे करुण चंढोक यांनी पाचवा क्रमांक मिळविला. हंगामाच्या अखेरीस मात्र संघाला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

या शर्यतीत केवळ वेग असून भागत नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. आपल्या घरच्या वीजबिलावर ‘युनिट’ लिहिलेले असतात. त्या मापाने पाहिले, तर पहिल्या पिढीच्या मोटारीला शर्यतीत 28 युनिट वीज वापरता येई. एवढी वीज संपूर्ण शर्यतीला पुरत नसे. म्हणून चालक अर्ध्यावर थांबे, एका मोटारीतून उतरे आणि तयार ठेवलेल्या दुसऱ्या मोटारीत बसे. 2018 च्या अखेरीस नवी मोटार आली. तिला 52 युनिट वीज मिळू लागली आणि मोटार बदलण्याची गरज उरली नाही.

विहिरीत पाणी थोडे असले म्हणजे शेतकरी ते पाटाने मोकळे सोडीत नाही. डाळिंबाच्या झाडांना ठिबकने मोजून देतो. विजेच्या मोटारीचा चालकही तसेच करतो. वळण येण्यापूर्वीच तो वेगावरचा पाय काढतो आणि मोटार आपल्याच गतीने पुढे जाऊ देतो. वेग कमी करताना चाकांच्या फिरण्यातून वीज निर्माण होऊन बॅटरीत परत जाते. जुन्या सायकलींना दिव्यासाठी डायनामो बसवीत. तो चाकाला टेकविला की पायडल जड होई आणि दिवा लागे. येथेही तत्त्व तेच आहे. फार जपून चालविले तर मागचे पुढे जातात. फार उधळले तर शेवटास वीज उरत नाही.

हे गणित साधण्यास महिंद्राच्या संघाला काही वर्षे लागली. 10 जून 2017 रोजी बर्लिनच्या जुन्या विमानतळावर स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्ट यांनी संघाला पहिला विजय मिळवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच प्रथम पोहोचले. परंतु मोटार बदलण्याच्या जागेतून त्यांना असुरक्षित रीतीने सोडण्यात आले होते. त्याबद्दल दहा सेकंदांची शिक्षा झाली आणि विजय हातचा गेला. तरीही त्या हंगामात संघ तिसरा आला.

वीज जपण्याचे महत्त्व सर्वांत ठसठशीत दिसले ते 16 फेब्रुवारी 2019 रोजी, मेक्सिको शहरात. महिंद्राचे जर्मन चालक पास्कल वेरलाइन हे पहिल्या स्थानावरून निघाले होते आणि अखेरपर्यंत त्यांनी आघाडी सोडली नव्हती. शेवटच्या फेरीत इतर काही मोटारींची वीज संपली. शेवटचे वळण संपले, समाप्तीची रेषा समोर दिसू लागली आणि वेरलाइन यांच्या मोटारीचीही वीज सरली. रेषा अवघ्या काही मीटरांवर असताना ब्राझीलचे लुकास दी ग्रासी बाजूने पुढे निघून गेले. पुढे एका नियमभंगाबद्दल पाच सेकंदांची शिक्षा होऊन वेरलाइन सहाव्या क्रमांकावर गेले.

11 फेब्रुवारी 2023 रोजी भारतात प्रथमच ही शर्यत झाली. हैदराबादला हुसेनसागराच्या काठी आपल्याच देशातील प्रेक्षकांपुढे महिंद्राची मोटार धावली. पुढची शर्यत दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे दोन आठवड्यांनी, 25 फेब्रुवारीस होती. तेथे मोटारीच्या मागील चाकांना आधार देणाऱ्या भागांविषयी शंका उत्पन्न झाली. धावपट्टीच्या कडेला भिंती होत्या आणि वेग प्रचंड होता. संघाने आपल्या दोन्ही मोटारी शर्यतीतून काढून घेतल्या. जगभरच्या प्रेक्षकांसमोर ‘आम्ही आज धावणार नाही’ असे म्हणणे सोपे नसते. पण चालकाच्या जिवापुढे गुणांचे मोल ते काय?

त्या वर्षी संघ दहावा आला. कारागिरांनी आणि अभियंत्यांनी मोटारीतील उणिवा एकेक करून शोधल्या व दूर केल्या. 2024-25 च्या हंगामात हाच संघ चौथ्या स्थानावर पोहोचला.

मुलांनो, खेळातील मोटार पुन्हा नवी होते ती एका कळीने; खरी मोटार नवी होते ती अनेकांच्या कष्टाने. म्हणून पडद्यावर एखादी मोटार धावताना पाहाल तेव्हा ती किती वेगाने जाते एवढेच विचारू नका. ती कोठे थांबली, का थांबली आणि पुन्हा कशी उभी राहिली, हेही विचारा.