टोकाचा स्टड

ट्रकच्या कुठल्याही बोल्टचं डोकं फडक्यानं पुसून नीट पाहा. त्यावर बारीक आकडे उठवलेले दिसतील : 8.8 किंवा 10.9. पहिला 8 सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण सोसेल, त्यापुढे तुटेल. टिंबानंतरचा 8 सांगतो की त्या ताणाच्या 80 टक्क्यांपर्यंत ते ताणलं तरी सोडल्यावर मूळ लांबीवर परत येईल. हिशेब केला तर 12 मिलिमीटरच्या, करंगळीएवढ्या बोल्टला साडेसहा टन वजन टांगलं तरी तो तुटणार नाही.

मग असा बोल्ट साध्या पान्यानं काढताना का तुटतो? आणि एक तुटला की संध्याकाळपर्यंतचं काम आठवड्यावर कसं जातं? परळच्या भोईवाड्यात, जेरबाई वाडिया रोडच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकपाशी मला हे प्रश्न पडले, आणि उत्तरं शोधता शोधता मी थक्क होत गेलो. काम किरकोळ होतं. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं होतं आणि गाडी फटफट आवाज करत होती. सहा नट काढायचे, जुनं पॅकिंग खरवडायचं, नवं बसवायचं. "शेठ, चारला या, गाडी घेऊन जा," मिस्त्री म्हणाले. पाच स्टड, म्हणजे हे नट ज्यांवर बसतात ते बिनडोक्याचे बोल्ट, सुटले. सहावा, अगदी टोकाचा, सिलिंडर हेडच्या तोंडाशी तुटला. अर्धा आत, अर्धा पान्यात.

नट आवळतो तेव्हा आपण खरं तर बोल्ट ताणत असतो. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ, आणि तोही किती सौम्य! 12 मिलिमीटरच्या बोल्टवर तो जेमतेम तीन अंशांचा असतो. नट एक पूर्ण फेरा फिरला की पावणेदोन मिलिमीटर पुढे सरकतो. लोखंडावरून लोखंड आपोआप घसरायला सात-आठ अंशांचा उतार लागतो. म्हणून नट मागे येत नाही. तो टेकल्यावर आणखी थोडा फिरवला की बोल्ट केसाच्या जाडीएवढा लांबतो, आणि मूळ लांबीवर यायच्या त्याच्या धडपडीतच दोन भाग एकमेकांना घट्ट धरून राहतात. त्यातही नवल असं की पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा जोर नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत जातो, आणि बोल्ट ताणायला उरतो फक्त दहावा हिस्सा. सगळा कारभार घर्षणाचा. घर्षण बदललं की सगळंच बदललं.

आणि मुंबईत घर्षण बदलण्याचं काम चोवीस तास चालू असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. आट्यांमधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. त्या फटीत गंज धरला की त्याला फुगायला जागा उरत नाही. तो दोन्ही बाजूंना दाबत सुटतो आणि नट आणि बोल्ट एकजीव होतात. भोईवाड्यापासून शिवडीची खाडी अगदी जवळ, वडाळ्याची मिठागरंही फार लांब नाहीत, आणि वारा आला की मीठ घेऊनच येतो. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. पाऊस पडायलाच हवा असं नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं, आणि इतकी कोरडी हवा या शहराला क्वचितच लाभते. म्हणजे पत्र्याखाली झाकून ठेवलेल्या गाडीच्या बोल्टवरसुद्धा डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर जवळपास बारा महिने असतो, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया असल्यामुळे तिला आणखी काय हवं?

मॅनिफोल्डच्या स्टडच्या नशिबी याच्या जोडीला उष्णताही असते. गाडी चालू असताना मॅनिफोल्ड काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्याला चिकटलेलं हेड मात्र पाण्यानं थंड ठेवलेलं. त्यामुळे मॅनिफोल्ड हेडपेक्षा जास्त लांबतो, आणि हे लांबणं मधल्या स्टडला फारसं जाणवत नाही, टोकाच्या स्टडना सगळ्यात जास्त जाणवतं. ते रोज बाजूला रेटले जातात, रोज परत येतात. टोकाचाच स्टड तुटला यात दैवाचा काही भाग नव्हता.

तो तुटण्याआधीचे क्षण मी जवळून पाहिले. मिस्त्रींनी आदल्या रात्रीच घासलेट सोडून ठेवलं होतं. पातळ द्रव बारीक फटीत आपोआप ओढला जातो. सकाळी त्यांनी नट आधी किंचित आवळला, मग किंचित सोडला, पुन्हा आवळला. अशानं गंजाची पूड होऊन बाहेर पडते. गंजलेला नट सुटायला लागला की करकरतो, झटक्यानं सरकतो, आणि तो आवाज ऐकून मिस्त्री खूश होतात. पण स्टड आतून पिळला जात असेल तर आवाज येत नाही. पाना फिरतो, नट फिरल्यासारखा वाटतो, पण हाताला मऊ लागतं. पोलादानं मूळ आकार सोडल्याची ती खूण. "थांब, मऊ लागतंय," ते पोऱ्याला म्हणाले आणि त्यांनी हात काढून घेतला. प्रयोगशाळेत धातू ताणून पाहणारं यंत्र कागदावर जी रेघ काढतं, ती वाकू लागल्याचं या माणसाला तळहातानं कळलं होतं. माझ्या लेखी ही विद्या कुठल्याही पदवीच्या तोडीची आहे.

पण उशीर झाला होता. जवळच्या कुणीतरी आधीच पान्याला पाइप लावून पाहिला होता. मीटरभर पाइपवर चाळीस किलोचा जोर दिला तर जवळपास 400 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. 10 मिलिमीटरचा स्टड त्याच्या चौथाईतच तुटतो. पाइप लावला की हाताला काही कळेनासं होतं, हे त्याचं खरं नुकसान.

इथून पुढच्या पायऱ्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतात आणि प्रत्येक पायरीवर धोका आधीपेक्षा मोठा. तुटक्या स्टडचं थोडं तोंड बाहेर असेल तर त्यावर नवा नट ठेवून वेल्डिंग करतात. स्टडला डोकं मिळतं आणि तो आतून लाल होतो. पोलाद दर अंशाला दहा लाखांत बारा भाग एवढंच फुगतं, पण 600 अंशांच्या फरकानं 20 मिलिमीटरच्या तुकड्यात ते दीड दशांश मिलिमीटर भरतं, आणि गंजाचा थर भेगाळायला तेवढं पुरतं. इथे तोंडच बाहेर नव्हतं. मग स्टडच्या बरोबर मध्ये ड्रिल मारायचं आणि उलट्या आट्यांचा ईझी-आउट त्यात रुतवून फिरवायचा. ईझी-आउट फार कठीण पोलादाचा असतो, आणि कठीण म्हणजे ठिसूळ. तो आत तुटला.

आता ड्रिल चालणार नाही, कारण ड्रिलचं पोलाद आणि आतला तुकडा सारखेच कठीण. हेड उतरवून कारखान्यात न्यावं लागलं. तिथे स्पार्क मशीन होतं. ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. हे यंत्र धातू कापत नाही. तेलात बुडवलेल्या वस्तूवर ते सेकंदाला हजारो ठिणग्या टाकतं, आणि प्रत्येक ठिणगी कणभर धातू वितळवून उडवते. कितीही कठीण पोलाद असो, ठिणगीला त्याचं काही नाही. बोरिस आणि नतालिया लाझारेन्को हे सोव्हिएत जोडपं विद्युत संपर्काची टोकं ठिणग्यांनी का झिजतात याचा अभ्यास करत होतं. ती झीज थांबवायची होती; 1943 मध्ये त्यांनी तिलाच कामाला लावलं.

हेड उतरलं की त्याच्या मागे सगळं ओळीनं येतं. हेडचं पॅकिंग एकदा काढलं की पुन्हा वापरता येत नाही. हेड वाकलेलं आढळलं तर फेसिंग. टॅपेट पुन्हा लावायचे. रेडिएटरचं पाणी, ऑइल. सुटा भाग आणायला ऑपेरा हाऊसच्या बाजारात माणूस पाठवायचा, आणि तो चुकीच्या मापाचा निघाला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. शहरात अवजड गाड्यांना दिवसाच्या ठराविक वेळा बंदी, त्यामुळे गाडी ओढून न्यायचं तर तेही वेळ पाहून. या काळात हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही, आणि ठरलेला माल दुसऱ्याची गाडी घेऊन जाते. मूळ पॅकिंग मात्र कागदाएवढं पातळ, अगदी स्वस्त.

बिलावर सगळ्यात जास्त वाद होतो तो मजुरीवरून. नवा भाग दिसतो, हातात धरता येतो. जुना काढण्याची मेहनत दिसत नाही. मला वाटतं आपण इथे उलटा हिशेब करतो. बसवणं शिकता येतं, पुस्तकातूनही. खोलणं मात्र प्रत्येक गाडीगणिक वेगळं, कारण प्रत्येक गाडीचा गंज वेगळा. त्या विद्येला या भागात जुनी परंपरा आहे. परळचं रेल्वे वर्कशॉप 1879 पासूनचं, आजूबाजूच्या गिरण्यांच्या दुरुस्ती खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या फिटर आणि टर्नर घडले.

त्या पिढ्यांनी आणखी एक त्रास सोसला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत. त्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे. 1954 मध्ये टेल्कोनं डायम्लर-बेन्झशी करार केला आणि मिलिमीटरचे बोल्ट रस्त्यावर आले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. 13 चा पाना त्यावर बसतो, पण ढिला बसतो, आणि जोर दिला की डोक्याचे कोपरे गोल करतो. इंचाच्या आट्यांतही दोन तऱ्हा : जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये इंग्लंडात आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं, त्यात आट्यांचा कोन 55 अंश. अमेरिकेनं नंतर 60 धरला. दोन्ही सुरुवातीला एकमेकांत जातातही. नुकसान पुढे कळतं.

भोईवाड्यातल्या त्या ट्रकचे सहाही स्टड शेवटी नवे घातले गेले; रोज तापून आणि रेटलं जाऊन थकलेलं पोलाद पुन्हा भरवशाचं राहत नाही. मिस्त्रींनी आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटतील. मात्र ग्रीस लावल्यावर त्यांनी नट नेहमीपेक्षा हलक्या हातानं आवळले. घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आणि नवाकोरा स्टड बसवतानाच तुटू शकतो. नवं पॅकिंग पहिल्या काही तापण्या-निवण्यांत दबतं आणि स्टडचा ताण उतरतो, म्हणून त्यांनी मालकाला एक खेप करून गाडी परत आणायला सांगितलं. तेव्हा इंजिन पूर्ण थंड करून ते सहाही नट मधल्यापासून टोकाकडे पुन्हा एकदा तपासणार होते.