ग्राउंड प्लेन चिरू नका

मागच्या भागात आपण दोन लेयरच्या बोर्डावर ट्रॅक कसे ओढायचे ते पाहिलं. आजचा विषय ग्राउंड प्लेन, म्हणजे ग्राउंडला जोडलेला तांब्याचा सलग थर. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी रायपूरला लागून असलेल्या बीरगावात बोर्ड बनवतो. शेजारीच उरला औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका कारखान्याला मी पंपाचे ५ टायमर करून दिले. माझ्या टेबलावर ते दिवसभर बिनचूक चालले. कारखान्यात मात्र मोठा कॉन्टॅक्टर सुटला की टायमर रीसेट! ऑपरेटर म्हणाला, "भैया, ये तो हर बार शुरू से गिनता है." पाचही परत आले.

खालच्या लेयरवर ग्राउंड प्लेन होता. पण एका ट्रॅकला वर जागा मिळेना, म्हणून मी तो खालून, प्लेन चिरत नेला. आणि रीसेटचा ट्रॅक नेमका त्या चिरेवरून जात होता.

आता कारण बघा. करंट जातो तसा परतही येतो. डीसी करंट मुख्यतः कमी रेझिस्टन्सच्या वाटेने परततो. झटकन बदलणारा करंट मात्र ट्रॅकच्या अगदी खालून परततो, कारण तिथे इंडक्टन्स सगळ्यात कमी असतो. जाण्या-येण्याच्या वाटा मिळून लूप तयार होतो. लूप जितका मोठा, तितका बाहेरचा नॉइज जास्त शिरतो.

हिशोब करू. ट्रॅक ५० मिमी, बोर्डाची जाडी १.६ मिमी, म्हणजे लूप ८० चौरस मिमी. चिरेमुळे परतीची वाट ३० मिमी बाजूला गेली, तर तोच लूप १,५०० चौरस मिमी. जवळजवळ १९ पट!

मी तो ट्रॅक वर घेतला. जिथे दुसरा ट्रॅक ओलांडायचा होता, तिथे शून्य ओहमचा रेझिस्टर टाकला. खालचा प्लेन सलग झाला. कारण पक्कं कळावं म्हणून दुसरं काहीच बदललं नाही. रीसेट थांबलं.

तुम्ही काय कराल? किकॅडमध्ये खालचा लेयर निवडा, बोर्डाच्या कडेने फिल्ड झोन काढा, नेट म्हणून ग्राउंड द्या आणि 'बी' दाबा. सोल्डरिंग सोपं जावं म्हणून पॅडना थर्मल रिलीफ ठेवा. मग वरचा लेयर लपवून फक्त खालचा बघा. चीर दिसली, तर तिच्यावरून कोणता ट्रॅक जातो ते तपासा.

फाइल फॅक्टरीला पाठवण्याआधी ही २ मिनिटं द्या. माझे ५ बोर्ड वाचले असते!