दारात कोण आहे?

अष्टमीच्या मोहल्ल्यात जोहरच्या नमाजीनंतर जेवणे उरकली की घरे शांत होतात. पुरुषमाणसे कुणी आखातात, कुणी जहाजावर, कुणी मुंबईत, तर कुणी धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर. घरी उरतात बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतून आलेली मुले. नेमकी त्याच वेळी कडी वाजते. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, हातात पत्रकांचा गठ्ठा आणि तोंडी एकच वाक्य, "भाभी, काही विकायला आलो नाही, फक्त पाच मिनिटे द्या."

असे म्हणणारा विकायलाच आलेला असतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही आपण दार उघडतो, त्याला ओट्यावर खुर्ची देतो, पाणी देतो आणि अर्ध्या तासाने हप्त्याच्या कागदावर सही करून बसतो. कारण दारात आलेल्याला परत पाठवणे आपल्याला बरे वाटत नाही. पाहुणा आणि विक्रेता यांत आपली गल्लत होते, आणि समोरच्याला ती गल्लत पक्की माहीत असते.

दारावर येणारा प्रत्येक जण नकोसा असतो असे मात्र मुळीच नाही. म्हावरे घेऊन येणारी कोळीण, बांगड्या भरणारा कासार, कल्हईवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे आणणाऱ्या कातकरी बायका यांच्याशिवाय आपल्याकडचे घर चालतच नव्हते. ही माणसे वर्षानुवर्षे त्याच दारात येतात. खराब मासळी दिली तर पुढच्या आठवड्यात बोलणे खावे लागते, उधारी राहिली तर ती सांभाळून घेतात. अशा फेरीवाल्यांच्या रोजीरोटीला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने संरक्षणही दिले आहे. त्यांना त्रास देण्यासाठी हा लेख कुणी वापरू नये.

नवा विक्रेता वेगळा. तो एकदाच येतो. आपल्या देशात टाय लावून घरोघरी जाण्याची पद्धत युरेका फोर्ब्स कंपनीने १९८२ पासून व्हॅक्युम क्लीनरसाठी रुजवली, पुढे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठीही तीच वापरली. त्या यशानंतर पुष्कळांनी ती उचलली. त्यांत प्रामाणिक कंपन्या आहेत आणि नाव सांगता येणार नाही अशाही आहेत.

आपल्या दीनने दाराचा अदब आधीच शिकवलेला आहे. सूरह नूरच्या २७ आणि २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये असा हुकूम आहे, आणि परत जा असे सांगितले गेले तर परत जावे, हेच अधिक पाक आहे, असेही स्पष्ट सांगितले आहे. हजरत अबू मूसा अशअरी यांच्या रिवायतीत तीन वेळा इजाजत मागून मिळाली नाही तर परत फिरण्याची शिकवण आहे. म्हणजे सख्ख्या नातेवाइकालाही 'आत्ता नको' म्हणण्याचा हक्क घरवाल्याला आहे. मग अनोळखी विक्रेत्याला तसे सांगताना आपण का ओशाळतो? आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ही आयत अनेकदा ऐकून माहीत होती, पण ती सेल्समनलाही लागू होते हे मात्र कुणी सांगितले नव्हते.

आता दारात होणाऱ्या दोन प्रयोगांविषयी थोडे सविस्तर. हे प्रयोग विज्ञानाच्या पुस्तकातले आहेत, म्हणूनच ते खरे वाटतात.

पहिला पाण्याचा. विक्रेता दोन ग्लास मांडतो. एकात तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज चालू करतो. दोन-तीन मिनिटांत नळाचे पाणी पिवळट, मग तपकिरी होते आणि त्यात गाळ तरंगू लागतो. यंत्राचे पाणी तसेच राहते. "बघा खाला, तुमची नातवंडे हे पितात." घरातल्या बाईच्या पोटात खड्डा पडतो आणि मग बारा-पंधरा हजार जास्त वाटत नाहीत.

यात खरे काय घडते? नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतातच, त्यामुळे त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचेच लोखंड गंजासारखे होऊन पाण्यात उतरते. माध्यमिक शाळेत विद्युत अपघटन शिकवतो ते हेच. तो गाळ पाण्यातला नसून कांडीचा असतो. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले असल्याने त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. पडताळा घ्यायचा तर त्याच्या त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज चालू करायला सांगावे. तेही पाणी तसेच रंगते. हे सांगितल्यावर बहुतेकांना दुसऱ्या घरी जायची घाई होते.

टीडीएस मीटरचेही तसेच. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी पिण्यास योग्य धरतात. कोकणात पाऊस मुबलक, त्यामुळे नदीच्या पाण्यात क्षार सहसा कमीच असतात. खाडीकाठच्या मचूळ विहिरींची गोष्ट निराळी. आपल्याकडे पावसाळ्यात खरी काळजी असते ती गढूळपणाची आणि जंतूंची. त्याला तुरटी, उकळणे, क्लोरीनचे थेंब हे उपाय आहेत. यंत्र घ्यायचेच असेल तर दुकानात जाऊन, पावती आणि वॉरंटी कार्डासह घ्यावे. आमचा यंत्राला विरोध नाही, पण आजीला घाबरवून ते खपवू नये.

दुसरा प्रयोग सोन्याचा, आणि तो सरळ चोरीच आहे. दोघे जण तांब्या-पितळेची भांडी चमकवण्याची पावडर घेऊन येतात. एक भांडे फुकट लखलखीत करून देतात. मग चांदीचे पैंजण. मग हळूच, "आपा, पाटल्याही काळ्या पडल्यात, लगेच करून देतो." पाटल्या एका द्रावणात बुडवतात. ते द्रावण म्हणजे बहुधा अम्लराज, एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. सोने विरघळवणारी द्रावणे फार थोडी आहेत, त्यांतले हे एक. पाटल्या चकचकीत होऊन परत येतात, वजन मात्र घटलेले असते. गेलेले सोने त्या पातेल्यातल्या पाण्यात असते, आणि ते पाणी ते दोघे बरोबर घेऊन जातात. काही जण दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा बंद करतात, वीस मिनिटांनी उघडा म्हणतात. उघडल्यावर आत दागिनेच नसतात. पोलीस वारंवार याबाबत सावध करतात, तरी प्रकार थांबत नाहीत. लग्नसराईच्या आधी हे लोक हमखास फिरतात. सोने धुवायचे असेल तर ओळखीच्या सोनाराकडे, आपल्या डोळ्यांदेखत, आधी आणि नंतर वजन करून. दारात कधीच नाही.

गॅसची नळी तपासायला आलो म्हणणाऱ्याच्या बाबतीत आपल्या वितरकाला आधी फोन करावा, त्याने पाठवले असेल तरच आत घ्यावे. वास येत असेल तर १९०६ हा क्रमांक आहेच.

सगळ्यांत अवघड विक्रेता कोण, तर नात्यातला. मावसबहीण, जाऊ, शाळेतली सहकारी. तिने कुठल्यातरी साखळीत नाव नोंदवलेले असते आणि तिला महिन्याला अमुक डबे खपवायचे असतात. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम लागू केले. त्यांनुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. आल्याबरोबर आपण कोण, कंपनी कोणती, येण्याचा हेतू काय, हे त्याने सांगितले पाहिजे. माणसे जोडून कमाईचे आमिष दाखवणाऱ्या योजना चालवायला या नियमांनी बंदी आहे. पैशांच्या अशा साखळ्यांवर तर १९७८ चा कायदाही आहे. बहिणीला नियम दाखवणे बरे दिसत नाही, हे आम्हालाही कळते. तिला एवढेच म्हणावे, "तुझ्या घरी चहाला येईन, पण सामान घेणार नाही." नाते टिकते, हा अनुभव आहे.

पैसे गुंतवा म्हणणाऱ्यांच्या बाबतीत मात्र नात्याचाही मुलाहिजा नको. पेण अर्बन बँकेत २०१० मध्ये काय झाले, हे पेण-रोह्याच्या घरांना वेगळे सांगायला नको. ती तर नोंदणीकृत बँक होती. 'हलाल नफा' या शब्दाने भुलून बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरीत हजारो मुस्लिम कुटुंबांनी पैसे घातले आणि जून २०१९ मध्ये संचालक देश सोडून गेला. घरी येणाऱ्या एजंटच्या दाढीवरून किंवा त्याच्या सलामावरून गुंतवणूक हलाल ठरत नाही.

टपालाचे काय? पोस्टाने येणारे स्क्रॅच कार्ड खरवडले की मोटारगाडी निघते, आणि ती मिळवायला आधी 'कर' भरायचा असतो. बक्षिसावरचा कर सरकारकडे भरला जातो, कुणाच्या खाजगी खात्यात नाही. तसले कार्ड सरळ चुलीत घालावे, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला कळवावे. न मागवलेले व्हीपीपी किंवा पैसे देऊन घ्यायचे पार्सल आले तर नाकारण्याचा पूर्ण हक्क आहे. पोस्टमन आपल्यावर रागावत नाही. नकोशा फोन-संदेशांसाठी १९०९ वर नोंद करता येते.

आपल्या घरांत येणारे आणखी एक टपाल आहे, त्याचे नाव घ्यायला लोक कचरतात. मदीन्यातील रौजा-ए-मुबारकचे खादिम शेख अहमद यांना स्वप्न पडले, त्यात अमुक इशारा मिळाला, या पत्राच्या इतक्या प्रती काढून वाटा, वाटाल तर भरभराट, खोटे म्हणाल तर नाश. पूर्वी हे पोस्टकार्डावर यायचे, मग झेरॉक्सवर मशिदीच्या चपलांच्या कपाटाजवळ ठेवलेले असायचे, आता मोबाइलवर येते. डच अभ्यासक स्नूक हुरग्रोन्ये यांनी १८८० च्या दशकातच या पत्रावर लिहिले होते, म्हणजे हे 'ताजे' स्वप्न एकशे चाळीस वर्षांहून जुने आहे. सौदी अरबचे मोठे आलिम शेख अब्दुल अजीज बिन बाज यांनी ते साफ खोटे असल्याचे लेखी सांगितले आहे. तरी परीक्षेच्या दिवसांत मुले हे पत्र घेऊन घाबरून आमच्याकडे येतात. आम्ही ते त्यांच्यासमोर फाडतो.

राहिला चंद्याचा प्रश्न. रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन येणारे सफीर बहुतेक खरे असतात, लांबून येतात, रोज्यात उन्हातून फिरतात. मागणाऱ्याला झिडकारू नये, हा सूरह जुहाचा आदेश आहे. पण जकात फर्ज आहे, आणि ती योग्य ठिकाणी पोहोचते की नाही हे पाहणेही देणाऱ्याकडेच येते. यावर सोपा मार्ग जमातीचा आहे. मदरशाची कागदपत्रे जमातीच्या कार्यालयात दाखवावीत, तिथून तस्दीकचे पत्र घ्यावे आणि जुम्याला मशिदीत जाहीर व्हावे. मग दारात आलेल्याकडे ते पत्र मागण्यात कुणाचा अपमान होत नाही. पत्र नसेल तर सदका म्हणून दहा-वीस रुपये द्यावेत, जकात देऊ नये.

आणि नको म्हणायचे कसे? दार पूर्ण उघडण्याआधी, साखळी लावून, उभ्या उभ्या. "नको दादा, आम्हाला घ्यायचे नाही." कारण सांगू नये, कारण सांगितले की त्याच्यावर उत्तर तयार असते. 'घरचे बाहेरगावी आहेत' हे तर चुकूनही बोलू नये. "बाप्ये कधी येतील?" या प्रश्नाला उत्तर नाही. सही, आधार क्रमांक, ओटीपी दारात द्यायचा नाही. मुलांनी कडी काढायची नाही, आधी मोठ्यांना हाक मारायची. जायला सांगूनही कुणी हटत नसेल तर शेजारणीला हाक, नाहीतर ११२. बिल देऊन फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

एवढे करूनही उन्हाने घामाघूम झालेल्या त्या पोराला पाण्याचा तांब्या जरूर द्यावा. आमच्याच शाळांतून दहावी-बारावी झालेली कितीतरी मुले नोकरी मिळाली नाही म्हणून परक्या गावात अशीच बॅग घेऊन फिरतात. पुष्कळांना पगार नसतो, विकले तरच कमिशन. पाणी गेटवरही देता येते.