पावसाळी नळाचा आधार : माती

रस्त्याखालून पावसाचे पाणी नेणारा सिमेंटचा नळ फुटला, की दोष नळालाच दिला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष त्याखालच्या मातीचा असतो. नळ दगडाच्या उंचवट्यावर टेकल्यास भार एकाच ठिकाणी येऊन तडा जातो. मराठवाडा-विदर्भातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीवरच नळ ठेवल्यास सांधे निखळतात, गळणाऱ्या पाण्याबरोबर माती वाहून जाते व रस्ता खचतो. म्हणून चराच्या तळाशी मुरमाचा सपाट, ठोकलेला थर असावा. सांध्यांखाली खळगे ठेवावेत, म्हणजे नळ सर्व लांबीभर टेकतो. पुढे दोन्ही कुशींत सारख्याच उंचीने, सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांनी भराव घालून धुम्मस करावा. कुशींतील हेच काम घाईत सर्वाधिक टाळले जाते. पंचायत सदस्यांनी पाहणी करावयाची ती चर बुजण्यापूर्वी.